शंभर टक्के कशाचे?

मुरबाड तालुक्यातल्या धसईचं नाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यभर झालं. नोटाबंदीला महिना होत आला होता आणि महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून धसईचा गाजावाजा झाला. दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. चर्चा झाली ती बँकेची आणि रेंजची. बॅटरीचा विषय निघायचं कारणच नव्हतं, कारण व्यवहार दुकानदाराच्या यंत्रावर होता, गिऱ्हाइकाच्या फोनवर नव्हे. आता सगळीकडेच गल्ल्यावर क्यूआर कोडचा कागद चिकटलेला दिसतो. पैसे देतो तोही फोन आणि पैसे आल्याचं सांगतो तोही फोनच.

आणि गोष्ट नुसत्या पैशांची राहिलेली नाही. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर लागते, दिवसातून दोन वेळा, जागेच्या नोंदीसह फोटो काढून. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. बांधावर उभं राहून, जीपीएस चालू ठेवून, भाताचा फोटो शेतकऱ्यानेच चढवायचा. अंगणवाडीतली हजेरी, मुलांची वजनं, आहाराचं वाटप, सगळं पोषण ट्रॅकरवर. कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरणाऱ्या कित्येकांचा पासही फोनमध्येच असतो. दुपारी मेटचा, म्हणजे कामावरच्या मुकादमाचा, फोन बंद पडला की अख्ख्या गटाची दुसरी हजेरी अडकते आणि मजुरीचा घोळ सुरू होतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर फोनची बॅटरी हा आता रोजंदारीचा विषय आहे.

तरी या दोन तालुक्यांत बॅटरीबद्दल ऐकू येतं ते एकच वाक्य: “चार्जिंग टिकत नाय.” आणि त्यावर उत्तरही एकच: “बॅटरी बदलून टाका.” या दोन वाक्यांच्या मधे बरंच काही तपासता येतं आणि ते घरबसल्या, बहुतेक वेळा फुकट तपासता येतं. माझं म्हणणं असं की पडद्यावरच्या कुठल्याही एका आकड्यावरून बॅटरीची प्रकृती ठरवू नये. फोन स्वतःबद्दल काय सांगतो, मोजमाप काय सांगतं आणि ताण पडल्यावर फोन कसा वागतो, या तीन साक्षी जुळल्या तरच बॅटरीवर बोट ठेवावं. कारण आपल्याकडे बॅटरीच्या माथी मारलेला दोष बऱ्याचदा रेंजचा, चार्जरचा किंवा उन्हाचा निघतो.

आधी टक्क्यांचा अर्थ लावू. दर पावसाळ्यात भातसा आणि तानसा शंभर टक्के भरल्याची बातमी येते. धरणात गाळ साचला तरी ते शंभर टक्केच भरतं, फक्त त्या शंभर टक्क्यांत पाणी कमी मावतं. फोनचंही तसंच आहे. वर कोपऱ्यात दिसणारा आकडा आत्ता बॅटरीत जेवढं मावतं त्याच्या प्रमाणात असतो, नवी असताना मावत होतं त्याच्या प्रमाणात नाही. खोक्यावर ५००० एमएएच छापलेल्या फोनमध्ये तीन वर्षांनी ३८०० मावत असले, तरी रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी १०० टक्केच दिसणार. बॅटरीची प्रकृती म्हणतात ती ३८०० भागिले ५०००, म्हणजे ७६ टक्के. हा दुसरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोननी वर्षानुवर्षं मालकाला दाखवलाच नाही.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि ज्यांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातू-ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये शिरतात, फोन वापरताना परत येतात. या प्रत्येक फेरीत ग्रॅफाइटवर एक पातळ थर किंचित जाड होतो आणि थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. म्हणून क्षमता घटते. त्याच वेळी आतला विरोधही वाढतो आणि हा दुसरा म्हातारपणा लोकांना जास्त छळतो. विरोध वाढलेल्या बॅटरीकडे कॅमेऱ्याने, फ्लॅशने किंवा कमी रेंजमधल्या कॉलने एकदम जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन पटकन बंद होतो. पडद्यावर त्या क्षणी २८ टक्के असतात. चार्जरला लावला की पुन्हा २५-२६ टक्क्यांवर उठतो. हे लक्षण दिसलं तर प्रकृतीचा आकडा ८५ असला तरी बॅटरी थकल्याचा संशय घ्यावा.

पूर्वी ही तपासणी हाताने व्हायची. मागचं झाकण नखाने काढायचं, बॅटरी बाहेर घ्यायची आणि सपाट काचेवर ठेवून भिंगरीसारखी गरकन फिरवायची. फिरली तर फुगलेली, न फिरता घासली तर ठीक. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या शक्यतेबद्दल जाहीर सूचना दिली, तेव्हा देशभर लोकांनी झाकणं उघडून बॅटरीवरचे आकडे वाचले. बॅटरी मालकाच्या हातात होती म्हणूनच ते शक्य झालं. पुढे फोन पातळ झाले, बॅटरी गोंदाने आत चिकटली आणि तपासणीचा तो मार्ग बंद झाला.

आत चिकटलेल्या बॅटरीबद्दल फोनला मात्र बरंच माहीत असतं. आत एक छोटी चिप असते, ती आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट सतत मोजते आणि त्यावरून टक्के काढते. प्रश्न एवढाच की ती माहिती आपल्याला दाखवली जाते का. आयफोनमध्ये प्रकृतीचा आकडा मार्च २०१८ मध्ये आला, तोही जुने फोन गुपचूप मंद केल्याचा बोभाटा झाल्यावर. अँड्रॉइडमध्ये घोळ जास्त, कारण फोन बनवणाऱ्या कंपन्या अनेक आणि प्रत्येकीची रीत निराळी.

इथे एक सापळा आहे, त्यात दुकानदारही अडकतात. *#*#४६३६#*#* हा नंबर फिरवला की काही जुन्या फोनवर बॅटरीच्या माहितीचा पडदा उघडतो आणि त्यात ‘हेल्थ: गुड’ असं दिसतं. माहिती दाखवणारी बरीचशी ॲपही हेच दाखवतात. ते वाचून ‘बॅटरी एकदम ओके’ असा निकाल दिला जातो. पण अँड्रॉइडच्या भाषेत त्या ‘गुड’चा अर्थ फार तोकडा आहे. बॅटरी आत्ता जास्त तापलेली नाही, गोठलेली नाही, व्होल्टेज मर्यादेबाहेर नाही आणि ती मेलेली नाही, इतकंच. क्षमता निम्म्यावर आली असली तरी तिथे ‘गुड’ दिसू शकतं. जुना फोन विकत घेताना कुणी हा पडदा पुढे केला तर त्यावर व्यवहार करू नये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून चार्जिंगच्या किती फेऱ्या झाल्या हा आकडा ॲपना वाचता येऊ लागला. फेरी म्हणजे चार्जर लावण्याची एक वेळ नव्हे. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के भरले तर दोन्ही मिळून एक फेरी होते. मात्र नेमकी प्रकृती आणि बॅटरीची उत्पादन-तारीख वाचायची परवानगी फोनच्या आतल्याच प्रणालीकडे ठेवली गेली, बाहेरच्या ॲपला ती मिळत नाही. गुगलने स्वतःच्या पिक्सेल ८ए आणि त्यापुढच्या फोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर प्रकृतीचा आकडा उघड केला. ओप्पो, रियलमी आणि वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागात ‘बॅटरी हेल्थ’ सापडतं. शाओमीच्या नव्या प्रणालीतही ते आलं आहे आणि तिच्या जुन्या रेडमी फोनांवर *#*#६४८५#*#* फिरवल्यावर आकड्यांची एक रांग उघडते. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स या ॲपमधून फोनची तपासणी करायची. तिथे बहुतेक फोनवर टक्का मिळत नाही, चांगली की कमकुवत असा शब्दांतला निकाल मिळतो.

कंपनीने दिलेला हा आकडा ही पहिली साक्ष. ती घ्यावी, पण तीही अंदाजच आहे हे लक्षात ठेवून. फोन कधीच पूर्ण उतरला नाही आणि कधीच पूर्ण भरला नाही, तर आतल्या चिपचा हिशोब हळूहळू चुकत जातो. महिना-दोन महिन्यांतून एकदा फोन पाच टक्क्यांच्या आसपास उतरू द्यावा आणि सलग शंभरपर्यंत भरावा, म्हणजे हिशोब ताळ्यावर येतो. दर आठवड्याला हे करू नये, त्याने बॅटरी झिजते.

दुसरी साक्ष मोजमापाची. ज्या फोनमध्ये कंपनीचा आकडाच नाही, आणि पाड्यांवरचे बरेच फोन तसेच आहेत, त्यांच्यासाठी ही खरी कामाची. ॲक्युबॅटरीसारखं ॲप चार्जिंग चालू असताना आत जाणारा करंट क्षणाक्षणाला वाचतं आणि बेरीज करतं. समजा फोनच्या खोक्यावर ५००० एमएएच आहे. संध्याकाळी तो २० टक्क्यांवर असताना लावला, ८० वर काढला आणि ॲपने सांगितलं की २२८० एमएएच आत गेले. साठ टक्क्यांत २२८० म्हणजे शंभर टक्क्यांत ३८००. प्रकृती ७६ टक्के. हे त्रैराशिक कागदावरही करता येतं आणि करावं, म्हणजे ॲप काय मोजतंय ते कळतं. एका चार्जिंगच्या आकड्याला महत्त्व देऊ नये. निदान आठवडाभराची चार्जिंग नोंदवून त्यांची सरासरी धरावी. चार्जिंगच्या वेळी फोन बाजूला ठेवावा, सलग चाळीस-पन्नास टक्के तरी भरू द्यावं. पाच-दहा टक्क्यांच्या तुकड्यांवरून काढलेला आकडा भरकटतो.

या मोजणीत दोन ठिकाणी पाय घसरतो. ॲप मूळ क्षमता फोनमधल्या एका फाइलमधून उचलतं आणि काही कंपन्यांनी त्या फाइलमध्ये भलताच आकडा टाकून ठेवलेला असतो. खोक्यावरचा आकडा स्वतः भरावा. दुसरं म्हणजे अतिवेगाने चार्ज होणाऱ्या काही फोनमध्ये दोन छोट्या बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात. तिथे ॲपला करंट निम्माच दिसतो आणि चांगली बॅटरी ५० टक्के प्रकृतीची वाटते. ॲपमध्ये दोन बॅटऱ्यांची सोय असते, ती चालू करायची. ठणठणीत बॅटरी उगाच काढून टाकण्याचं हे एक कारण आहे.

ज्याच्याकडे संगणक आहे आणि थोडी हौस आहे त्याला आणखी खोल जाता येतं. फोनच्या डेव्हलपर पर्यायांमधून बग रिपोर्ट काढला की त्यात फोनने स्वतः शिकलेली क्षमता एका ओळीत लिहिलेली असते. गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोरांनी ही ओळ वाचायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाइकाला बॅटरी विकण्याआधी ती दाखवली तर दुकानाची पत वाढेल. चार्जर आणि फोनच्या मधे लावायचा यूएसबी मीटरही मिळतो. त्यात एमएएचपेक्षा वॅट-तास बघावेत, कारण चार्जरचं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज वेगळं असतं. ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची. भरताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर त्याहून थोडा जास्त आकडा दिसणं बरोबरच आहे. शून्यापासून शंभरपर्यंत भरूनही मीटर १४-१५ वॅट-तासांवर थांबला, तर बॅटरी खरोखर आटली आहे.

तिसरी साक्ष वागणुकीची. फोन ४० टक्क्यांवर असताना पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून दहा मिनिटं व्हिडिओ चित्रित करावा. टक्के एकेक करून उतरले तर ठीक. ४० वरून ३३, मग अचानक २४, अशा उड्या मारल्या किंवा फोन बंदच पडला, तर विरोध वाढलेला आहे. उलट तपासणीही करावी: रात्री विमान मोड लावून फोन ठेवून द्यायचा, आधीचे आणि सकाळचे टक्के लिहून घ्यायचे. दोन-चार टक्के उतरले तर बॅटरी निर्दोष मानून दुसरीकडे शोध घ्यायला हरकत नाही. विमान मोडमध्येही पंधरा-वीस टक्के गेले, तर एकतर बॅटरी गळते आहे, नाहीतर बोर्डात दोष आहे, नाहीतर एखादं ॲप रात्रभर जागं आहे.

आता शोध दुसरीकडे वळवू, कारण शहापूर-मुरबाडची खरी गोष्ट इथे आहे.

मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगाव, शहापूर, खर्डी या पट्ट्यात रेंज ठीक असते. डोळखांबकडून आजोबा डोंगराच्या पायथ्याकडे आत गेलं की सह्याद्रीची भिंत आडवी येते. मुरबाडमध्ये टोकावड्यापुढे माळशेजच्या दिशेला तोच अनुभव. टॉवर दूर असला की फोन ओरडून बोलतो. ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅट शक्तीने बोलू शकतो आणि ती शक्ती बाहेर टाकण्यासाठी बॅटरीतून त्याच्या कित्येक पट ऊर्जा ओढतो. टॉवरजवळ त्याला याचा अगदी छोटा हिस्सा पुरतो. शिवाय रेंज पूर्ण गेली की फोन शोध घेत राहतो. यात भर दोन सिमांची. एक सिम इथे चालतं, दुसरं मुंबईला गेल्यावर लागेल म्हणून घातलेलं असतं. त्या दुसऱ्याला खोऱ्यात रेंजच नसते आणि त्याच्यासाठी फोन दिवसभर धडपडत राहतो. बॅटरी बदलण्याआधी ते सिम सेटिंग्जमधून बंद करून दोन दिवस बघावं. बॅटरीच्या वापराच्या यादीत मोबाईल नेटवर्क वरच्या क्रमांकावर दिसत असेल तर दोष तिथेच आहे. तोच फोन ठाण्याला नातेवाइकांकडे नेला की दिवसभर टिकतो आणि गावी परतला की संध्याकाळपर्यंतही नाही, यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नको.

दुसरं विजेचं. ‘व्होल्टेज कमी आहे, बॅटरी खराब होईल’ हे घरोघर ऐकू येतं. चांगल्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. बल्ब मिणमिणत असला तरी असा चार्जर बॅटरीला ठरलेलंच व्होल्टेज पुरवतो. धोका उलट बाजूने असतो: लाईट गेली आणि परत आली की त्या क्षणी येणारा झटका. तो स्वस्त चार्जरला मारतो, कधी फोनच्या चार्जिंग बोर्डालाही. म्हणून लाईट गेली की चार्जर काढून ठेवायची जुन्या माणसांची सवय बरोबर आहे. याहून जास्त गैरसमज होतो तो हळू चार्जिंगमुळे. बाजारातल्या हलक्या चार्जरमधून आणि लांब, बारीक केबलमधून फोनला कधीकधी अर्धा अँपिअरच मिळतो, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. सोलर दिव्याच्या यूएसबी भोकातूनही साधारण तेवढंच. १९ वॅट-तासांची बॅटरी त्यावर भरायला आठ तासांहून जास्त लागतात, आणि पोरं मधे व्हिडिओ बघत असतील तर भरतच नाही. सकाळी ४५ टक्के दिसले की खापर बॅटरीवर. अशा वेळी शेजारच्याचा चांगला चार्जर आणि केबल एक रात्र मागून आणावी. चार्जिंगच्या भोकात कापूस आणि माती बसलेली असते, तीही फोन बंद करून लाकडी टोचणीने हळूच काढावी. केबल खट्ट आवाज करून पूर्ण बसली की निम्मे रोग जातात.

तिसरी उष्णता आणि बॅटरीची खरी वैरीण हीच. एप्रिल-मेमध्ये मुरबाड-शहापूरच्या आतल्या भागात पारा चाळीशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात दुपारी फोन चार्जिंगला, किंवा मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात नकाशा चालू. बॅटरीच्या अभ्यासात नेहमी दाखवला जाणारा एक तक्ता आहे: २५ अंशांना ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली तर सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, ४० अंशांना पूर्ण भरलेली ठेवली तर सुमारे ६५. न वापरता. म्हणजे ऊन आणि पूर्ण भरलेपण एकत्र आलं की एका वर्षात तीन-चार वर्षांचं म्हातारपण येतं. ॲपमध्ये दिसणारं बॅटरीचं तापमान प्रत्यक्ष सेन्सरचं असतं, त्यावर विश्वास ठेवता येतो. चार्जिंग चालू असताना ते ४५ च्या जवळ गेलं तर चार्जर काढावा, कव्हर काढावं, फोन गारव्याला ठेवावा, पण फ्रीजमध्ये ठेवू नये.

फोन ८० टक्क्यांवरच थांबवा, असा सल्ला हल्ली सगळे देतात. शास्त्र म्हणून तो बरोबर आहे आणि बऱ्याच नव्या फोनमध्ये तशी सोयही आहे. पण जुलैत झाड पडून दोन दिवस लाईट नसेल, अशा गावात रात्री लाईट आहे तोवर फोन शंभर टक्के भरून घ्यावा. बाळंतपणाला गाडी बोलवायच्या वेळी फोन बंद असणं परवडणार नाही. ८० टक्क्यांची शिस्त उन्हाळ्यात पाळावी, तेव्हाच तिचा फायदाही सर्वांत जास्त होतो.

बॅटरी आणि राबवून घेतलेला फोन यांचं नातं महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये उघड पाहिलं. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. २०१९ च्या सुमारास दिलेल्या त्या फोनांत २ जीबी रॅम होती. ते तापतात, अडकतात, ॲप चालत नाही आणि दुरुस्तीचा भुर्दंड आम्हाला बसतो, अशा सेविकांच्या तक्रारी होत्या. त्यांचं आंदोलन मला पूर्ण न्याय्य वाटतं. तोकड्या मेमरीच्या फोनवर जड ॲप चालवलं की प्रोसेसर सतत धापा टाकतो, फोन तापतो आणि तापलेल्या फोनला पुन्हा चार्जर लावला जातो. बॅटरी त्या फोनमध्ये मरते, पण मारते दुसरंच कोणी. तिथे नवी बॅटरी टाकली असती तरी वर्षभरात तिची तीच गत झाली असती.

तिन्ही साक्षी जुळल्या आणि प्रकृती ७५-८० च्या खाली गेलेली असली, फोन मधेच बंद पडत असला, तर मात्र बॅटरी बदलावीच. आणि मागचं झाकण उचललं गेलं असेल, पडद्याच्या कडेला फट दिसत असेल, टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगत असेल, तर कुठलीही मोजणी करत बसू नये. बॅटरी फुगली आहे, आत वायू साचला आहे. चार्जिंग त्याच क्षणी थांबवायचं, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टोचायचं तर मुळीच नाही.

अधिकृत सेवा केंद्रासाठी इथल्या अनेकांना कल्याण-ठाणे गाठावं लागतं. एक दिवसाची मजुरी आणि भाडं त्यात जातं, म्हणून लोक बाजारातल्या दुकानात जातात आणि त्यात गैर काही नाही. फक्त बॅटरी डोळ्यांसमोर बदलून घ्यावी आणि बसवण्याआधी हातात घेऊन वाचावी. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तिच्यावर असायला हवा. तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते तिथल्या तिथे पाहता येतं. रेंज असली तर मिनिटाचं काम आहे. उत्पादनाची तारीख बघावी, कारण दोन-तीन वर्षं कपाटात पडलेली नवी बॅटरी नवी नसते. मूळ बॅटरीपेक्षा फार जास्त एमएएच छापलेले असतील तर ती घेऊ नये. त्याच आकाराच्या जागेत हजार-दीड हजार एमएएच जास्त मावत असते, तर फोन कंपनीनेच ते टाकले असते. बसवल्यानंतर कंपनीच्या पानावरचा आकडा पाहून खूश किंवा नाराज होऊ नये. काही फोन बाहेरची बॅटरी ओळखतच नाहीत, काहींत जुनाच हिशोब चालू राहतो, आणि नकली बॅटरीची चिप हवा तो आकडा सांगू शकते. इथे दुसरी साक्ष, म्हणजे आत गेलेल्या करंटची बेरीज, हीच सर्वांत भरवशाची. पहिल्याच आठवड्यात मोजावं, दुकानदाराची वॉरंटी चालू असताना.

जुना हँडसेट घेतानाही हीच रीत, फक्त घाईची. शक्य तिथे फेऱ्यांचा आकडा बघावा, दहा मिनिटांचं चित्रीकरण करावं, पाठ सपाट आहे का ते पट्टी लावून पाहावं. *#०६# फिरवून आयएमईआय घ्यावा आणि केवायएम लिहून त्यापुढे तो क्रमांक टाकून १४४२२ ला एसएमएस करावा, म्हणजे फोनवर काळी खूण आहे का तेही कळतं.

काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये, शेकोटीजवळ तर नकोच. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण गोळा करणारी पेटी तालुक्याच्या बाजारापर्यंत यायला हवी. ग्रामपंचायतीने आणि दुरुस्तीच्या दुकानांनी मिळून एक कोरडा, वाळू घातलेला डबा ठेवला तरी सुरुवात होईल.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनांना अट घातली: ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. बॅटरीची प्रकृती वापरणाऱ्याला पाहता आली पाहिजे, हेही त्या नियमांत आहे. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला सहज बदलता यावी असा दुसरा नियमही तिथे लागू होतो. त्याच कंपन्या आपल्याकडे फोन विकतात. त्यांच्याकडे आकडा तयार आहे, दाखवायचा की नाही एवढाच प्रश्न आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण बॅटरीची प्रकृती प्रत्येक फोनवर दिसलीच पाहिजे अशी सक्ती इथेही हवी.

ती सक्ती येईपर्यंत राज्याच्या हातात एक गोष्ट आहे. सेविका, मेट, ग्रामरोजगार सेवक यांच्याकडून ज्या फोनवर काम करून घेतलं जातं, त्यांच्या पुढच्या खरेदीच्या निविदेत तीन ओळी घालता येतील: ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमतेची हमी, प्रकृती आणि फेऱ्यांचा आकडा सेटिंग्जमध्ये मराठीत, आणि ती ८० च्या खाली गेली की तालुक्याच्या ठिकाणीच विनामूल्य नवी बॅटरी.